बायझंटाइन इतिहास वाचायला बसताना: नवख्यांसाठी पायऱ्या

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या सात-आठ जणांना मी बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा, इतिहास वाचायला बसवलं. त्यातले निम्मे मधेच सुटले, आणि सुटण्याचं ठिकाण जवळपास सगळ्यांचं एकच होतं: सम्राटांची यादी. अकरा कॉन्स्टंटाइन, नऊ मायकेल, आठ जॉन, सहा लिओ. कोण कोणाचा मुलगा, कोणी कोणाचे डोळे काढले, हे लक्षात ठेवता ठेवता माणूस दमतो आणि पुस्तक कपाटात जातं. ती यादी पाठ न करता या राज्यात शिरायची एक वाट आहे, ती इथे मांडतो.

काळाचा आवाका आधी डोक्यात बसवा. ११ मे ३३० रोजी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बॉस्फरसच्या काठी आपल्या नव्या राजधानीचं, कॉन्स्टँटिनोपलचं (आजचं इस्तंबूल), उद्घाटन केलं. २९ मे १४५३ रोजी ती उस्मानी तुर्कांनी घेतली. मधे अकराशे तेवीस वर्षं. तेवढ्या काळात आपल्या दख्खनेत वाकाटक, बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, शिलाहार, यादव, खिलजी, तुघलक आणि बहमनी एवढे सगळे आले, आणि बहुतेक गेलेही. तिथे मात्र सत्तावन्न वर्षांचा एक खंड सोडला तर त्याच शहरातून तेच राज्य चाललं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की 'का पडलं?' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'टिकलं कसं?' इथून सुरुवात करा. टिकण्याची कारणं समजली की ती एकेक करून कधी सुटत गेली ते आपोआप दिसायला लागतं.

पायरी १: नाव नीट लावून घ्या

या राज्यातल्या माणसाला 'तू बायझंटाइन का?' असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. ते स्वतःला रोमन म्हणवत. भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती, पण राज्य रोमचं, कायदा रोमचा, आणि सम्राट ऑगस्टसच्या गादीवरचा. 'बायझंटाइन' हे नाव रुळायला सुरुवात झाली ती हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने १५५७ साली छापलेल्या ग्रंथांमुळे, म्हणजे राज्य बुडून शंभर वर्षं उलटल्यावर.

अरब आणि तुर्क या मुलखाला 'रूम' म्हणत, आणि तो शब्द आपल्यापर्यंत पोचलेला आहे. जुन्या मराठी लिखाणात 'रूमशाम' येतं, त्यातलं रूम हेच आणि शाम म्हणजे सीरिया. काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी मागितली की पिवळसर, पारदर्शक डिंकाचे खडे पुडीत बांधून मिळतात. तो डिंक एजियन समुद्रातल्या खिओस बेटावरच्या झाडांचा. ते बेट कित्येक शतकं याच साम्राज्यात होतं. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ती ओतणारा कारागीर 'रूमी' म्हणवत असे. तोवर रूम उस्मान्यांचं झालं होतं, तरी मुलखाचं नाव रोमचंच राहिलं होतं.

वाचताना एवढंच करा: पुस्तकात 'बायझंटाइन' आलं की मनात 'रोमन' वाचा. मग सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने इटली परत घेण्यासाठी एवढी वर्षं फौज का झिजवली ते कळतं. ८०० साली पोपने शार्लमेनला रोमन सम्राट म्हणून मुकुट घातला तेव्हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो उघड अपमान का वाटला, तेही कळतं.

पायरी २: वहीत तीन रकाने आखा

एक साधी वही घ्या. डावीकडे साल, आणि पुढे तीन रकाने: मुलूख, महसूल, वारस. दर पन्नास वर्षांना एक ओळ. त्या वेळी हाताशी कोणता प्रदेश होता, पैसा कुठून येत होता, आणि गादीचा वारसा भांडण न होता पुढे गेला का, एवढंच लिहायचं. लढाया, धर्मपरिषदा, राजवाड्यातली कारस्थानं यांतलं जे या तीनपैकी एका रकान्यात बसेल ते घ्या. बाकीचं पहिल्या वाचनात सोडून दिलं तरी चालतं. मूर्तिभंजनाचा वाद (७२६ ते ८४३, मधे खंड पडून) हा विषय फार मोठा आहे आणि मला तो प्रिय आहे, पण नवख्याने तिथे अडकू नये असंच मी सांगतो.

तीन रकान्यांमुळे होतं काय, ते १०२५ सालच्या ओळीत पाहा. मुलूख: बल्गेरियापासून आर्मेनियाच्या डोंगरांपर्यंत. महसूल: सम्राट दुसरा बॅसिल मेला तेव्हा खजिना ओसंडून वाहत होता. वारस: बॅसिलने लग्नच केलं नव्हतं, मागे म्हातारा भाऊ आणि त्याच्या मुली. दोन रकाने भरभक्कम आणि तिसरा पोकळ. पुढच्या पन्नास वर्षांची गोष्ट त्या पोकळ रकान्यातून सुरू होते, आणि ही ओळ लिहिताना ते तुमच्या लक्षात येतं.

पायरी ३: एक सोन्याचं नाणं हातात घ्या

खरं नाणं मिळणार नाही, फोटो चालेल. वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या संस्थेने आपल्याकडची बायझंटाइन नाणी आणि शिक्के इंटरनेटवर मोफत पाहायला ठेवले आहेत. तिथे 'सॉलिडस' शोधा. ग्रीकमध्ये त्यालाच 'नोमिस्मा' म्हणत. एक रोमन पौंड सोन्यात बहात्तर नाणी पाडायची, म्हणजे दर नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं. आपण सराफाकडे चोवीस कॅरेट, बावीस कॅरेट म्हणतो त्या चोवीसचा हिशोबही याच नाण्याशी जोडला जातो: एका सॉलिडसचं वजन चोवीस केरातिया, म्हणजे कॅरोबच्या शेंगेतल्या बियांच्या मापाने.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला हे नाणं सुरू झालं आणि अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे सातशे वर्षं, त्याची शुद्धता जवळपास तशीच राहिली. या एका वाक्यावर थोडं थांबा. सातशे वर्षं. एखाद्या सरकारने इतका काळ आपल्या नाण्याचा कस सांभाळल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. सैनिकाचा पगार, शेतकऱ्याचा सारा, शेजारच्या राजाला शांत ठेवायला पाठवलेली थैली, सगळं याच नाण्यात. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस एक गोष्ट सांगतो. सिंहलद्वीपात एक रोमन आणि एक इराणी व्यापारी राजासमोर उभे राहिले, तुमच्यापैकी थोर राजा कोणाचा असा प्रश्न निघाला, आणि रोमन व्यापाऱ्याने उत्तरादाखल दोन्हीकडची नाणी पुढे ठेवली. एक सोन्याचं झळझळीत, दुसरं चांदीचं. हाच कॉस्मस भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' बंदराचंही वर्णन करतो. अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. तिथून शिसवीचे ओंडके आणि कापड जात असे, आणि तिथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप होता.

आता अकराव्या शतकातली चार-पाच नाणी एकाशेजारी एक लावून पाहा. १०४० नंतर सोन्यात भेसळ सुरू होते, १०७१ नंतर ती वेग घेते, आणि १०८० च्या दशकातली नाणी इतकी फिकट आहेत की त्यांना सोन्याची म्हणवत नाही. १०७१ ते १०७८ राज्य केलेल्या सातव्या मायकेलला लोकांनी 'पारापिनाकेस' असं नाव ठेवलं. अर्थ 'पाव कमी', कारण त्याच्या काळात एका नाण्याला मिळणारा गहू एक चतुर्थांशाने घटला होता. बाजारात उभ्या असलेल्या माणसाने साम्राज्याची प्रकृती दोन शब्दांत सांगितली. १०९२ साली सम्राट पहिल्या अलेक्सिओसने नवं नाणं पाडून घसरण थांबवली, पण नव्या नाण्यात चोवीसऐवजी साडेवीस कॅरेट सोनं होतं.

पायरी ४: तट समजून घ्या

नकाशा उघडून कॉन्स्टँटिनोपलचा त्रिकोण पाहा. दोन बाजूंना पाणी: दक्षिणेला मार्मारा समुद्र, उत्तरेला गोल्डन हॉर्नची खाडी. पश्चिमेची जमिनीची बाजू तेवढी उघडी. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, ४१३ सालापर्यंत, त्या बाजूला तट उभा राहिला. ४४७ च्या भूकंपात ५७ बुरूज कोसळले, आणि हूणांचा अटिला जवळ येत असताना शहरातल्या लोकांनी साठ दिवसांत दुरुस्ती पुरी केली.

आपल्याला गड-कोटांची सवय असल्यामुळे ही रचना लवकर कळते. सगळ्यात बाहेर सुमारे वीस मीटर रुंद खंदक, मग बाहेरचा तट, मग मोकळी पट्टी, आणि तिच्यामागे सुमारे बारा मीटर उंचीचा आतला तट, त्यावर ९६ बुरूज. खंदक ओलांडून बाहेरचा तट घेतला तरी शत्रू मधल्या पट्टीत सापडायचा आणि वरून मार खायचा. लांबी जवळपास सहा किलोमीटर. अवार, अरब, बल्गार, रुस असे किती तरी जण समोर येऊन परतले. ७१७-७१८ चा अरबांचा वेढा वर्षभर चालला. समुद्रावर 'ग्रीक आग' नावाच्या, पाण्यावरही पेटत राहणाऱ्या द्रवाने त्यांची गलबतं जाळली, आणि जमिनीवर तटाने वाट दिली नाही.

हजार वर्षं या बाजूने कोणत्याही परकी फौजेला आत घुसता आलं नाही. १२०४ साली शहर पडलं ते खाडीकडच्या बाजूने, जहाजांवरून तटावर चढून. हे वहीत वेगळ्या शाईने लिहून ठेवा.

पायरी ५: सातवं शतक सावकाश वाचा

बहुतेक पुस्तकं जस्टिनियनवर (५२७ ते ५६५) भरपूर पानं देतात, आणि हागिया सोफियासारखी इमारत पाच वर्षांत उभी करणारा माणूस ती पानं घेणारच. पण टिकाव शिकायचा असेल तर त्याच्यानंतरचं शतक वाचा.

६१५ सालचं चित्र असं: इराणी फौजांनी सीरिया घेतला आहे, जेरुसलेम लुटलं आहे, चार वर्षांत इजिप्तही जाणार आहे, आणि राजधानीचा गहू इजिप्तमधून येतो. बाल्कनमध्ये अवार आणि स्लाव. सम्राट हेराक्लियसने त्या वर्षी अधिकाऱ्यांचे पगार निम्म्यावर आणले आणि चांदीचं नवं जाड नाणं पाडलं. पुढे चर्चमधली सोन्या-चांदीची भांडीही वितळली गेली. नाण्यावर लॅटिनमध्ये अक्षरं आहेत: 'देवा, रोमनांना मदत कर.' नाण्यांवर सहसा राजाची कीर्ती कोरतात. इथे विनवणी कोरली आहे. हे नाणं मी पहिल्यांदा फोटोत मोठं करून पाहिलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

हेराक्लियसने इराणला हरवलं, ६२८ साली तह झाला, आणि आठच वर्षांत यार्मूकला अरबांनी त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला. सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त कायमचे गेले. राज्यातले सगळ्यात श्रीमंत प्रांत हेच. दुसरं कुठलंही राज्य इथे संपलं असतं. इराणचं सासानी राज्य याच लाटेत पंधरा-वीस वर्षांत पुसलं गेलं.

रोमनांनी मात्र अंथरूण पाहून पाय पसरले. उरलेल्या फौजा आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) आणून बसवल्या आणि त्या जिथे बसल्या त्या प्रदेशांचे पुढे 'थीम' झाले. थीम म्हणजे सुभा म्हणा, पण सुभेदार आणि सेनापती एकच. कालांतराने सैनिकाचं घर आणि शेत त्याच सुभ्यात आलं, नगदीचा भार कमी झाला. हे नेमकं कधी आणि किती ठरवून झालं यावर अभ्यासकांचे जोरदार वाद आहेत, त्यात आत्ताच पडू नका. राजधानीची लाखोंची वस्ती काही दशहजारांवर आली, फुकट पाव वाटणं बंद झालं, तटाच्या आत शेतं झाली. पण सारा गोळा करणारं दफ्तर चालू राहिलं. माझ्या मते या राज्याचा कणा तो होता: कोणाच्या नावावर किती जमीन, त्यावर किती सारा, हे लिहिलेले कागद आणि ते वाचता येणारे कारकून.

त्या दफ्तराची पकड कशी होती याचा नमुना दहाव्या शतकातल्या शहर-कारभाराच्या नियमांत मिळतो. सराफ, रेशीमवाले, मेणबत्तीवाले, खाटीक, पाववाले, प्रत्येकाला वेगळे नियम, आणि पाववाल्याचा नफाही ठरलेला. अत्तरं आणि मसाले विकणाऱ्यांनी आपली मेजं राजवाड्याच्या दरवाजापासून 'मिलिऑन' या मैलाच्या स्तंभापर्यंतच मांडायची, म्हणजे सुगंध दरवाजावरच्या ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे आणि राजवाड्याकडे जाईल.

पायरी ६: १०२५ ते १२०४, इथे घाई करू नका

पडझडीची मुळं इथे आहेत. वहीतले तिन्ही रकाने एकामागून एक गळायला लागतात.

जमिनीपासून सुरुवात करा. ९२७-२८ च्या भयंकर हिवाळ्यानंतर दुष्काळ पडला आणि गरीब शेतकऱ्यांनी धान्यापायी जमिनी विकल्या. घेणारे कोण? मोठे सरदार, अधिकारी, मठ. दुष्काळात जमिनी कशा हात बदलतात हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ९३४ साली पहिल्या रोमानोसने त्याविरुद्ध कायदा केला, ९९६ साली दुसऱ्या बॅसिलने तो आणखी कडक केला. कारण सरळ होतं: छोट्या शेतकऱ्याकडून सारा आणि सैनिक दोन्ही मिळत, मोठ्या घराण्याकडून बंड मिळे. बॅसिलनंतर हा धाक कोणी ठेवला नाही.

मग मुलूख. २६ ऑगस्ट १०७१ रोजी पूर्व सरहद्दीवरच्या मांझिकर्टला सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने सम्राट चौथ्या रोमानोसला कैद केलं. नवखे वाचक इथे 'साम्राज्य हरलं' असं लिहून मोकळे होतात. थोडं थांबून पुढचं वाचा. सुलतानाने सम्राटाला आठवडाभरात सोडलं होतं. घात केला तो घरच्यांनी: राजधानीत दुसऱ्याला गादीवर बसवलं, परतणाऱ्या रोमानोसशी लढाई केली, त्याचे डोळे काढले. पुढची दहा वर्षं सेनापती गादीसाठी एकमेकांशी लढत राहिले, आणि त्यांतल्या काहींनी तुर्की टोळ्यांना स्वतःच मदतीला बोलावून शहरांत नेऊन बसवलं. आशिया मायनरचा बराचसा भाग असा गेला. त्याच १०७१ साली इटलीतलं शेवटचं ठाणं, बारी, दक्षिण इटलीत राज्य थाटलेल्या नॉर्मनांनी घेतलं.

आणि महसूल. नॉर्मनांविरुद्ध आरमार हवं म्हणून पहिल्या अलेक्सिओसने १०८२ च्या सुमारास व्हेनिसला सनद दिली. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना साम्राज्याच्या बहुतेक बंदरांत जकात माफ. देशी व्यापारी मात्र मालाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जकात भरत राहिला. संकटात घेतलेला निर्णय म्हणून तो समजू शकतो, पण संकट गेलं तरी सनद राहिली. नंतर पिसा आणि जेनोवालाही सवलती मिळाल्या. लष्करासाठी जमिनीचा महसूल सरदारांना लावून देण्याची 'प्रोनोइया' पद्धतही याच काळात वाढली. तिला आपल्या सरंजामाशी ताडून पाहा. सुरुवातीला चाकरीपुरता, मग हळूहळू वंशपरंपरेचा, ही चाल ओळखीची वाटेल.

वारसाचा रकाना ११८० नंतर वाचवत नाही. सम्राट पहिल्या मॅन्युएलचा अकरा वर्षांचा मुलगा गादीवर आला, चुलत काकाने त्याचा गळा आवळला, काकाला ११८५ साली जमावाने हालहाल करून मारलं, पुढच्या सम्राटाचे डोळे सख्ख्या भावाने काढून गादी घेतली. त्या आंधळ्या सम्राटाचा मुलगा अलेक्सिओस पश्चिमेकडे पळाला आणि मदत शोधत चौथ्या क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या पश्चिमी ख्रिस्ती, लोकांना भेटला.

या लोकांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांनी ३३,५०० माणसांच्या वाहतुकीसाठी व्हेनिसशी ८५,००० चांदीच्या मार्कांचा करार केला, आणि प्रत्यक्षात आली एक तृतीयांशाच्या आसपास माणसं. कर्ज फेडायला पैसा नव्हता. अलेक्सिओसने शब्द दिला: मला गादीवर बसवा, दोन लाख मार्क देतो. गादी मिळाली, पण खजिन्यात तेवढा पैसा नव्हताच. १३ एप्रिल १२०४ ला शहर त्यांच्या हाती पडलं आणि तीन दिवस लूट चालली. ब्राँझचे प्राचीन पुतळे वितळवून नाणी पाडली. चार घोडे वाचले, ते व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवर चढवले.

माझं मत स्पष्ट आहे. साम्राज्य म्हणून हे राज्य १२०४ साली पडलं. १४५३ ला पडलं ते शहर. सगळे हे मानत नाहीत, आणि तुम्ही वही भरून झाल्यावर तुमचं मत बनवा.

पायरी ७: शेवटची दोनशे वर्षं

हद्दपार झालेल्यांनी आशिया मायनरमधल्या नायकेआला राज्य उभं केलं, आणि ते चांगलं चालवलं. २५ जुलै १२६१ रोजी त्यांनी राजधानी परत घेतली. पण परत मिळालेलं शहर ओरबाडलेलं होतं. १२८५ साली दुसऱ्या अँड्रोनिकोसने खर्च परवडत नाही म्हणून आरमार मोडलं, आणि समुद्र जेनोवाच्या भरवशावर सोडला. मग आजोबा-नातवाचं यादवी युद्ध, मग १३४१ ते १३४७ दुसरी यादवी. १३४३ मध्ये राज्याभिषेकाचे जडजवाहीर ३०,००० डुकाटांना (व्हेनिसची सोन्याची नाणी) व्हेनिसकडे गहाण पडले आणि कधीच सुटले नाहीत. १३४७ च्या राज्याभिषेकात मुकुटावर काचेचे खडे होते, आणि जेवणाला कथलाची नि मातीची भांडी. हे सगळं समकालीन इतिहासकार ग्रेगोरासने लिहून ठेवलं आहे. खाडीपलीकडच्या गलातात जेनोवाचे लोक वर्षाला दोन लाख नाण्यांची जकात गोळा करत आणि कॉन्स्टँटिनोपलला जेमतेम तीस हजार मिळत, हेही त्यानेच सांगितलं. त्याच वर्षी प्लेग आला.

१३५४ मध्ये भूकंपाने गॅलिपोलीचे तट पडले आणि उस्मानी फौज युरोपात पाय रोवून उभी राहिली. १३९४ पासून उस्मानी सुलतान बायझीदने राजधानीची कोंडी केली. सम्राट दुसरा मॅन्युएल मदत मागत पॅरिस-लंडनपर्यंत गेला. १४०० चा नाताळ त्याने इंग्लंडच्या राजाकडे काढला. शहर वाचलं ते १४०२ साली अंकाराजवळ तैमूरने बायझीदला हरवलं म्हणून.

१४५३ चा वेढा वाचताना एक आकडा पुरेसा आहे. सम्राट अकराव्या कॉन्स्टंटाइनने शहरातली लढू शकणारी माणसं मोजायला सांगितली. ते काम करणाऱ्या स्फ्रांत्झेसने लिहिलं आहे: ४,७७३ ग्रीक. परदेशी माणसं मोजकीच. आकडा इतका लहान की सम्राटाने तो कोणाला कळू दिला नाही. समोर एकवीस वर्षांचा सुलतान दुसरा मेहमद, हजारोंची फौज, आणि ऑर्बान नावाच्या कारागिराने ओतलेल्या प्रचंड तोफा. ऑर्बान आधी सम्राटाकडेच नोकरीला आला होता. त्याला द्यायला पैसा नव्हता. महसुलाचा रकाना इथे तटाला भिडतो.

२२ एप्रिलला मेहमदने गलबतं डोंगरावरून ओढून खाडीत उतरवली, आणि २९ मे रोजी पहाटे तट फुटला. वार मंगळवार होता. ग्रीक लोक अजून मंगळवार अशुभ मानतात. पुढे बिदरच्या बहमनी दरबारचा वजीर महमूद गावान याने याच मेहमदला पत्रं पाठवली. ती फारसीत आहेत आणि आजही उपलब्ध आहेत.

पायरी ८: साक्षीदाराला उलटतपासणी

दुय्यम पुस्तक एक झालं की लगेच मूळ साक्षीदार वाचा. प्रोकोपियस, प्सेल्लोस, आना कोम्नेने, निकेतास खोनियातेस यांची इंग्रजी भाषांतरं आहेत, आणि जुनी भाषांतरं इंटरनेटवर मोफत मिळतात. प्रत्येकाला विचारायचं: हा तिथे होता का, आणि त्याचा राग कोणावर आहे? क्रेमोनाचा लिउटप्रांड ९४९ साली वकील म्हणून आला आणि दरबारातला सोन्याचा वृक्ष, गाणारे यांत्रिक पक्षी, गर्जना करणारे सिंह पाहून थक्क झाला. ९६८ ला परत आला, अपमान झाला, आणि तेव्हा त्याला सम्राट कुरूप नि दारू डांबरासारखी लागली. माणूस तोच, शहर तेच. १४५३ मध्ये एक छोटा दरवाजा उघडा राहिला म्हणून शहर पडलं ही गोष्टही अशीच तपासा: ती एकटा इतिहासकार डुकास सांगतो, आणि तो वेढ्याच्या वेळी शहरात नव्हता.

पायरी ९: इस्तंबूलला गेलात तर

हागिया सोफियाच्या वरच्या दक्षिण गॅलरीत जा. तिथे संगमरवरी कठड्यावर कोणा नॉर्स पहारेकऱ्याने रुनी लिपीत कोरलेलं 'हाल्फ्दान' हे नाव अस्पष्ट दिसतं. वॅरांगियन पलटणीतला, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलातला असावा. पलीकडे जमिनीत १२०४ च्या लुटीचा सूत्रधार, व्हेनिसचा डोज (नगरप्रमुख) दांदोलो याच्या नावाची शिळा आहे. ती एकोणिसाव्या शतकात बसवलेली, पण नाव वाचताना पाय अडखळतात.

तट पाहायला मार्माराय रेल्वेच्या काझलीचेश्मे स्टेशनवर उतरा, येदिकुले गाठा आणि उत्तरेकडे चालत एदिर्नेकापीपर्यंत जा. पाणी आणि चांगले बूट हवेत, आणि सकाळची वेळ. तटात दगडाचे थर आणि मधे लाल विटांचे पट्टे दिसतील. ते पट्टे भिंतीच्या आरपार जातात आणि तिला बांधून ठेवतात. जुन्या खंदकात कुठे कुठे अजून भाजीचे मळे आहेत. येदिकुलेचं लेट्यूस त्या शहरात नावाजलेलं आहे. टोपकापी दरवाजाजवळ जमीन खाली उतरते, ती जागा नीट पाहा. मेहमदच्या मोठ्या तोफा त्या उतारासमोर होत्या. टोपकापी नावाचा राजवाडा वेगळा आणि लांब आहे, टॅक्सीवाल्याला नीट सांगा.

पहिल्या महिन्याचं वेळापत्रक

पहिला आठवडा फक्त नकाशे: ५६५, ७५०, १०२५, ११८०, १२६५, १४५० असे सहा, वहीत हाताने काढायचे. हात फिरला की सीमा डोक्यात राहते. दुसरा आठवडा नाणी आणि तट. तिसऱ्या आठवड्यात एकच छोटं, सर्वसाधारण इतिहासाचं पुस्तक, सलग, नावं न लिहिता. चौथ्यात वहीच्या ओळी भरायला बसा, आणि जिथे एखादा रकाना भरता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. पुढचं वाचन त्या प्रश्नचिन्हांवरून ठरवायचं. पहिलं कोणतं घ्यावं हे सुचत नसेल तर हेराक्लियस घ्या. ६१५ सालचं ते चांदीचं नाणं पडद्यावर मोठं करून ठेवा आणि सुरुवात करा.